अजून अर्धा तास

तर म्हातारा सुतार स्ट्रेचरवर आडवा, गाडी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी, घरचं दार समोर चाळीस पावलांवर, आणि आपला हा ड्रायव्हर हौसेने मान मागे वळवून म्हणाला, "आलो बरं का आजोबा." काल इथवर सांगून झालं होतं. आता पुढचं ऐका. म्हाताऱ्याने डोळे उघडले, "आलो का?" असं विचारलं, एक लांबलचक श्वास सोडला आणि तो परत घेतलाच नाही. चार तास खड्ड्याखड्ड्यांतून ज्याने जीव मुठीत धरून आणला, त्याने चाळीस पावलं आधी मूठ उघडली. दारात म्हातारी उभी होती. कुणी काही सांगायच्या आत तीच म्हणाली, "चहा टाकू का यांना? वाटेत घेतला नसेल." ड्रायव्हर गाडीचं मागचं दार धरून तसाच उभा राहिला. 

तेव्हा तो नोकरीत नवा होता. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची पांढरी गाडी त्याच्या ताब्यात नुकतीच आली होती. आणि काम काय, तर ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले त्यांना घरी पोचवायचं. अपघाताच्या गाड्या वेगळ्या, त्या भोंगा वाजवत सुसाट सुटणार, त्यांचे ड्रायव्हर छाती काढून चालणार. ही गाडी मुकाट्याने जायची. "आता घरी न्या" एवढं डॉक्टरांनी म्हटलं की हिचं चाक फिरलं. माणसाला आपलं छप्पर, आपली भिंत, आपली माणसं दिसेपर्यंत त्याच्यात धुगधुगी राहावी, एवढीच अपेक्षा.

सुताराच्या दिवसापासून त्याने एक कानाला खडा लावला. माणूस पोचायच्या आशेवर तग धरतो. पोचलो म्हटलं की दोर सुटतो. म्हणून 'आलो' हा शब्द गाडीत उच्चारायचा नाही. मागून कुणीही, कधीही, कितीही केविलवाण्या आवाजात विचारू दे, किती राहिलं? उत्तर एकच. अजून अर्धा तास. हॉस्पिटलचं फाटक ओलांडताना अर्धा तास, दोन तासांनी पुलावर अर्धा तास, दारात गाडी लावल्यावरही अर्धा तासच. स्ट्रेचर आत गेलं, माणूस पलंगावर निजवला, उशी सारखी केली, तरी हा कानाशी वाकून म्हणणार, "थोडं थांबा, अजून अर्धा तास आहे."

एक निवृत्त गणिताचे मास्तर होते. पोटाचं दुखणं, अंगात नुसती हाडं, पण डोकं लख्ख. तिसऱ्या वेळेला ते भडकले. "अरे गाढवा, तीन तास झाले, तू अर्धाच सांगतोयस. तुला वजाबाकी शिकवली कुणी?" हा म्हणाला, "तुम्हीच असाल मास्तर." मास्तर इतके हसले की सिस्टरने नळी धरून ठेवली. ते घरी जाऊन नऊ दिवस जगले आणि नऊही दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला हा किस्सा सांगत होते म्हणे.

त्यामुळे हॉस्पिटलात त्याचं नावच अर्धातास पडलं. ड्रायव्हरांच्या खोलीत एक लांब बाक, किल्ल्या टांगायला खिळे ठोकलेली फळी, आणि झाकण हरवलेली किटली. तिथे रोज त्याची खेचायची पद्धत होती. "अर्धातास, चहा घेतोस ना? आण की मग." "अर्धातास, तुझं लग्न कधी?" यावर तो स्वतःच बोट वर करून सांगायचा, "अजून अर्धा तास." लग्न राहिलंच होतं. एकदा मुलगी बघायला जायचं ठरलं होतं, नवा सदरासुद्धा घातला होता, तर ऐनवेळी फेरी निघाली. परत येईपर्यंत मुलीने दुसऱ्याला पसंत केलं होतं. त्याने ते फार मनावर घेतलं नाही. सव्वीस वर्षं त्याच त्या रस्त्यांवर गाडी चालवली. कुठे खड्डा, कुठे गतिरोधक, कुठे डावीकडून घेतलं तर स्ट्रेचर कमी हलतं, सगळं हाताला पाठ. डोळे नाकासमोर.

आपलं म्हणावं असं त्याला एकच माणूस, थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताई तेरा वर्षांची, हा पाच. तिनेच त्याला वाढवलं, दोन धपाटे घालून शाळेत बसवलं. पुढे तिचा नवरा तरणाताठा गेला, पदरात एक पोरगा. ताई पिशव्या आणि दप्तरं शिवायच्या कारखान्यात लागली. तिच्याकडे पट्ट्यांचं काम. एकतीस वर्षं ती एकाच मशीनवर बसली आणि मशीन भिंतीकडे तोंड करून होतं. भिंतीवर ओल आली की तिला कळायचं पाऊसकाळ आला, पोपडे सुटले की कळायचं उन्हाळा आला. हे ती हसत सांगायची.

ताईचंही एक पालुपद होतं. पोरगा शाळेत जाऊ दे, मग बसू निवांत. पोरगा शिकू दे, मग. पोरगा नोकरीला लागू दे. पोरगा वायरमन झाला, चार तासांवरच्या एका लहान गावात त्याला काम मिळालं, तिथे त्याने जागा घेतली, तेव्हा ताई म्हणाली, घर होऊ दे एकदा. भाऊ म्हणायचा, "ताई, सुट्टी घे एक दिवस, गाडीतून कुठेतरी फिरवून आणतो." ती म्हणायची, "तुझ्या गाडीतून? शहाणाच आहेस. तुझ्या गाडीत बसून कोण परत आलंय?" आणि मशीनचं चाक फिरवायची.

घर व्हायला लागलं. दोन खोल्या. ताईने ते पाहिलं नव्हतं, फोनवर फोटो यायचे. आज जोतं, आज भिंत, आज छप्पर. तिने पोराला एकच सांगितलं होतं, खिडकी मोठी ठेव, आणि माझा पलंग तिथेच लाव. एकतीस वर्षं भिंत बघितलेल्या बाईने दुसरं काय मागावं? छप्पर चढलं आणि ताईच्या छातीने दगा दिला. आयुष्यभर कापडाचे तंतू आणि धूळ आत गेली होती, फुप्फुसांत जागाच उरली नव्हती. अडीच महिने हॉस्पिटलात काढले. भाऊ फेरी संपली की वरच्या मजल्यावर जाऊन बसायचा आणि ताई त्याला विचारायची, "आज कुणाला पोचवलंस?"

मग एका सकाळी डॉक्टर व्हरांड्यात उभे राहिले आणि म्हणाले, "घरी न्या. आजचा दिवस जाईल, उद्याचं सांगत नाही."

हे वाक्य त्याने हजारदा ऐकलं होतं. या वेळी खाली बघितलं तर आपल्याच बुटाची नाडी सुटलेली दिसली. ती त्याने वाकून बांधली आणि मग म्हणाला, "बरं."

भाचा आदल्या दिवशीच घरी गेला होता. डॉक्टरांच्या बोलण्यातून कुणकुण लागली होती, तेव्हा त्याने मामाला बाजूला घेऊन सांगितलं, "दाराला कडी नाही मामा, चौकटीला रंग नाही, दिवा लागला नाही. आईला मी अर्धवट घरात आणणार नाही. मी पुढे जातो, तुम्ही तिला घेऊन या. तुमच्याइतकं जपून कोण आणणार?" मामाला वाटलं होतं म्हणावं, अरे, कडी राहू दे, तू आईपाशी बस. पण पोराच्या हाताला आधीच प्लास्टरची पांढरी पुटं होती आणि डोळे लाल होते. 

ड्रायव्हरांच्या खोलीत दुसरा म्हणाला, "आपलं माणूस आपण नेऊ नये रे. हात कापतो. मी जातो."

"तू गतिरोधकावर उडवतोस," अर्धातास म्हणाला आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

मागे ताई, तिच्याजवळ सिस्टर. ही सिस्टर त्याच्याबरोबर पंधरा वर्षं फिरत होती, वयाने मोठी, बोलायला फटकळ, हाताला मऊ. ऑक्सिजनच्या टाकीचा काटा बघून तिने हळूच सांगितलं, "पाच तासांचा आहे. रस्ता चार तासांचा. रमतगमत जाऊ नकोस." शहर संपलं. मग मधल्या सरकत्या काचेतून ताईचा आवाज आला. "बाळ्या, किती राहिलं रे?"

"अजून अर्धा तास, ताई." तोंडातून निघूनच गेलं.

मागे खोकला आला. खोकला नव्हता तो, ताई हसत होती. "मला सांगतोस? जेवायला येतो म्हणून निरोप धाडायचास, तेव्हाही हेच. तुझ्या अर्ध्या तासापायी मी ताट झाकून झाकून कंटाळले." मग बराच वेळ श्वास गोळा करून ती म्हणाली, "किती राहिलं ते नको सांगू. बाहेर काय आहे ते सांग."

त्या गाडीच्या मागच्या काचा दुधी होत्या. आतलं बाहेर दिसू नये म्हणून, पण मग बाहेरचंही आत दिसत नाही.

"बाहेर रस्ता आहे," तो म्हणाला.

"रस्ता असणारच, तू काय नदीतून नेतोस? कडेला काय आहे?"

"दुकानं."

"कसली?"

आणि सव्वीस वर्षं त्या रस्त्याने गेलेल्या माणसाला ते सांगता येईना. डोळे डावीकडे वळवले, तोवर दुकानं मागे गेली होती. पाय आपोआप ब्रेकवर टेकला. गाडी हळू झाली. "टायरचं दुकान," तो म्हणाला. "मग सलून. एक जण तोंडाला फेस लावून बाहेर येऊन फोनवर भांडतोय."

"कुणाशी?"

"बायकोशी असणार, फेस पुसायचीही हिंमत नाही झाली त्याची."

ताई हसली. सिस्टरही हसली, आणि मग तिने काट्याकडे बघितलं.

असं सुरू झालं. एका भिंतीवर शिडी लावून एक बाई शाळेचं नाव रंगवत होती, एकच अक्षर राहिलं होतं. ताईला ते कुठलं ते कळायला हवं होतं, म्हणून तो मागे वळून बघत बघत गेला आणि समोरच्या ट्रकने शिव्या घातल्या. एका घराच्या गच्चीवर नुसती खुर्ची होती आणि तिच्यावर कुत्रं झोपलं होतं. वाळत घातलेल्या सहा चादरी, सगळ्या निळ्या. ताई म्हणाली, लॉज असेल. हा म्हणाला, असेल. तिथून तो आजवर कितीदा गेला होता, पण लॉज आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आभाळ भरलेलं, गार वारा, गाडीचा वेग निम्म्यावर. भाच्याचा फोन आला. "मामा, कुठवर? कडी बसली. पलंग खिडकीपाशी लावलाय, आईला सांगा." मामाने सांगितलं. ताई म्हणाली, "चांगलं केलंन्." मग लगेच, "आता काय आलं?"

अर्ध्याहून जास्त रस्ता गेल्यावर डाव्या हाताला सिमेंटच्या पाइपांचं आवार लागलं. माणूस आत उभा राहील एवढे मोठे पाइप, तीन-तीन थरांत रचलेले, आणि गार वाऱ्यापासून आडोसा म्हणून खालच्या प्रत्येक पाइपात एकेक शेळी बसलेली. तोंडं रस्त्याकडे. हा बोलायचाच थांबला.

"काय झालं?"

"शेळ्या, ताई. पाइपात. एकेकीला एकेक."

"स्वतंत्र खोली?"

"स्वतंत्र. एक म्हातारी आहे, तिला कोपऱ्याची मिळालीय."

"थांबव," ताई म्हणाली. "मला बघू दे."

सिस्टरने काच सरकवली आणि आवाज खाली घेतला. "ऐक. टाकी लवकर उतरतेय, तिला जास्त लागतंय. इथून दीड तास. आता निघालास आणि पाय दाबलास तर ही घरी पोचेल. थांबलास तर मी शब्द देत नाही. पोरगा दारात उभा आहे."

हे त्यालाही दिसत होतं. पोरगा दारात, पलंग खिडकीपाशी. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं होतं, एकेकाला रेटत, फसवत, उंबऱ्याच्या आत नेऊन सोडलं होतं, आणि नेमक्या या फेरीला त्याचा पाय ब्रेकवर होता. तो मागे वळला. "ताई, घरी पोरगा वाट बघतोय. जाऊ या ना?"

ताईने डोळे मिटले होते. ते न उघडता ती म्हणाली, "जन्मभर पोचतेच आहे मी. जरा उभी राहू दे."

तो उतरला. मागची दोन्ही दारं उघडून अडकवली, स्ट्रेचरची मान उंच केली. सिस्टरने ताईला दोन घोंगड्यांत गुंडाळलं, तोंडाने काहीतरी पुटपुटत, पण हात मऊच. ताईने पाहिलं. शेळ्यांनीही पाहिलं. एक पिल्लू या पाइपातून त्या पाइपात गेलं आणि शिंगांचा मार खाऊन परत आलं. ताई म्हणाली, "शेजार वाईट आहे." मग पुष्कळ वेळ ती नुसती बघत राहिली. चेहऱ्यावर काय होतं, ते त्याला नीट सांगता आलं नाही पुढे कधी. समाधान म्हणावं तर भुवया चढलेल्या होत्या. आपल्याला आधी कुणी सांगितलं नाही, याचा राग असावा तसं काहीसं. पाऊण तास गेला. मग ती म्हणाली, "चल. गार लागतंय."

त्यानंतर त्याने गाडी अशी हाणली, की अपघातवाल्यांनी तोंडात बोट घालावं. भोंगा लावला. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, आणि तोंड मात्र चालूच. ताई, विटांची भट्टी आली. ताई, रोपवाटिका, लाल फुलं आहेत, नाव नाही येत. ताई, पाण्याचा टँकर, गळतोय मेला, रस्ताभर धार. ताई, तळं. ताई, दोन पोरी एका सायकलवर, तिसरी मागे पळतेय.

मधल्या काचेवर दोनदा टकटक झाली. पंधरा वर्षांत सिस्टरने तशी टकटक किती वेळा केली होती, ते त्यालाच ठाऊक.

"कधी?" त्याने विचारलं.

"टँकर सांगत होतास तेव्हा."

त्याने भोंगा बंद केला. तळं, पोरी आणि सायकल, हे सगळं त्याने कुणाला सांगितलं, असा विचार त्याच्या डोक्यात आला आणि तिथेच रुतून बसला. फोन वाजला. "मामा, अजून किती?" आणि मामा म्हणाला, "अर्धा तास." गाव समोर दिसत होतं. दहा मिनिटांचा रस्ता त्याने खरोखर अर्ध्या तासात काढला.

घर गावाच्या टोकाला. दारात पोरगा, अंगावर धुतलेला शर्ट, नखांत रंग. तो धावत आला, मागचं दार त्यानेच उघडलं. सिस्टरने मान हलवली. पोरगा आईकडे बघत राहिला, मग तिच्या पायांवरची घोंगडी सारखी केली, गार लागू नये तशी. त्याने विचारलं, "कुठे?"

"तळ्याच्या अलीकडे," सिस्टर म्हणाली. सरळ बाई, तिला आडपडदा येत नसे. "वाटेत पाऊण तास थांबलो होतो आम्ही. तिला थांबायचं होतं."

"थांबलात?" पोरगा मामाकडे वळला. "कशाला थांबलात?"

मामाने सांगितलं. पाइप, आवार, आडोसा. ऐकता ऐकता पोराचं तोंड असं झालं की शेजारची दोन माणसं येता येता फाटकातच थबकली. लहानपणापासून मामाला अहो-जाहो करणारा पोरगा, पण त्या क्षणी जीभ घसरली.

"मी इथे कालपासून पाठ टेकली नाही. तिने सांगितलेली खिडकी, तिने सांगितला तसा पलंग. एकदा बघितलं असतं तिने. एकदा मला बघितलं असतं. पोचली असती ना ती? आणि तू माझ्या आईला शेळ्या दाखवत बसलास?"

मामाच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आलं होतं. तू कडी बसवायला पुढे आलास, गाडीत तिच्याजवळ बसला असतास तर चार तास तुझेच होते. ते खरं होतं, आणि बोलला असता तर पोराला ते जन्मभर पुरलं असतं. त्याने ते गिळलं. उघड्या दारातून आत पलंग दिसत होता, खिडकीच्या काचेवर कंपनीची कागदी चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली. त्याने ताईच्या डोक्याखालची उशी नीट केली आणि म्हणाला,

"हो, दाखवत बसलो. न थांबता आलो असतो तर पोचली असती, तुझं तोंड बघितलं असतं, हे मला ठाऊक आहे, सिस्टरलाही ठाऊक आहे. ती थांब म्हणाली, मी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुला राग धरायचा तर माझ्यावर धर, तिच्यावर धरू नकोस. आता तू डोक्याकडून उचल, मी पायांकडून धरतो. हळू घे, चौकटीचा रंग ओला आहे."